वालगुरुजी

कडव्या वालाचं रूप बघून कुणी त्याला मास्तरकी दिली नसती. तांबूस-तपकिरी रंग, चपटं अंग, कडेला एक पांढरी जाड रेघ आणि चवीला कडवट. कडधान्यांत मूग-मटकी ही उत्साही मंडळी. रात्री भिजवली, सकाळी फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड तयार. वालाला अशी घाई नसते. थंडीत तर दोन-दोन दिवस फडक्यात ढिम्म बसून राहतो. पण पहिली-दुसरीच्या मुलांना बी कसं रुजतं ते दाखवायचं असेल, तर या घुम्यालाच बोलवावं. मटकीचा जीव एवढासा, त्यात मोड आले की सगळा गुंता, कुठला कुणाचा ते कळत नाही. वाल अंगाने मोठा, लहान बोटांच्या चिमटीत नीट बसणारा, आणि जे काही करतो ते सावकाश करतो.

हा कोकणातला. भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर पेरला जातो आणि थंडीत भरतो. रायगडात शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लागते. त्यातून वाचलेला वाळून डब्यात जातो. तिथून एक वाट बिरड्याची आणि दुसरी काचेच्या ग्लासाची.

दुसऱ्या वाटेला खर्च नाही. ग्लासात आतून टिपकागद गोल बसवायचा, मधल्या पोकळीत ओला कापूस भरायचा आणि रात्रभर भिजलेले चार वाल कागद आणि काच यांच्यामध्ये सरकवायचे : एक उभा, एक आडवा, एक तिरका, एक उलटा. तळाशी बोटभर पाणी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत बिया, शंख-शिंपले, पानं अशा आसपासच्या वस्तूंनाच शिक्षणाची साधनं केलं. वाल त्याच बिनपगारी पंगतीतला.

गुरुजींचा पहिला तास भिजतानाच सुरू होतो. पाण्यात पडल्यावर ते आधी सुरकुततात आणि मग फुगतात, म्हणजे म्हातारपण आधी आणि बाळसं नंतर. कारण पाणी आधी सालीत शिरतं, साल सैल होते, आतल्या डाळी मागाहून फुगतात. फुगलेला वाल पुसून हलकेच दाबला की पांढऱ्या रेघेच्या टोकाशी पाण्याचा बारीक थेंब येतो. तिथे एक सूक्ष्म छिद्र आहे, हे मुलांना सांगावं लागत नाही. साल सोलून दोन डाळी अलगद उघडल्या तर मधे, एका कडेला, इवलंसं मूळ आणि दुमडलेली दोन पानं दिसतात. झाड बाहेरून येत नाही, ते आधीपासून आत होतं, हे पाहून मुलं गप्प होतात. मग डब्यातला प्रत्येक वाल सोलायचा हट्ट धरतात.

ग्लासात आधी मूळ बाहेर येतं. उभ्याचं सरळ खाली, आडव्याचं वळून खाली आणि उलट्याचं वर निघून, वळसा घेऊन, शेवटी खालीच. मूळ फुटल्यावर ग्लास आडवा करून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी त्याचं टोक पुन्हा जमिनीकडे झुकलेलं असतं. टोकाशी असलेल्या पेशींमध्ये पिष्टाचे जड कण खाली बसतात आणि त्यावरून मुळाला दिशा कळते. थॉमस नाइट या इंग्रजाने १८०६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधल्या होत्या. मुळं चाकाच्या बाहेरच्या बाजूला वाढली, कोंब मध्याकडे. चाकाच्या वेगाने त्यांच्यासाठी ‘खाली’ची दिशाच बदलली होती.

मग कोंब मान वाकवून वर येतो. कोवळी पानं मातीत घासू नयेत म्हणून आधी वाकलेली मान वर काढायची, डाळी मागून ओढून घ्यायच्या आणि उजेड लागला की ताठ व्हायचं, अशी त्याची रीत. डाळींतली शिदोरी संपत जाते, त्या सुकतात आणि गळून पडतात.

गुरुजी शिक्षाही करतात. लाडाने ग्लास काठोकाठ भरणाऱ्या मुलाला चार दिवसांत असा वास देतात की पुन्हा तसं करायची छाती होत नाही. बुडालेल्या बीला हवा मिळत नाही आणि ते कुजतं. पट्टीला तीन वाल बांधून एक पाण्याबाहेर, एक पाण्याच्या काठावर आणि एक तळाशी ठेवला की रुजतो तो काठावरचाच.

आणि एखादा कुचर निघतोच. सगळे फुगले तरी हा खड्यासारखा कडक. स्वयंपाकघरात त्याला निवडून टाकतात, पण तो मेलेला नसतो. त्याची साल पाणी आत घेत नाही, इतकंच. शेतात असे दाणे मागे राहतात आणि साल झिजली की पुढे कधीतरी उगवतात. एका हंगामात पावसाने दगा दिला तरी वंश बुडू नये, ही त्या झाडाची तजवीज. मुलाच्या हाती तो कुचर आणि एक खरखरीत दगड द्यावा. कड जरा घासून पुन्हा भिजवला की बहुतेक वेळा तोही पाणी पितो.

या गुरुजींची अट एकच. तास पस्तीस मिनिटांचा असला तरी ते आठवडाभर घेतात आणि तेवढे दिवस मोठ्यांनी तोंड मिटून राहायचं. फळ्यावर आदल्या दिवशीच आकृती काढून मूळ, कोंब, बीजपत्र अशी नावं लिहिली, की त्यांची नोकरी गेली. मूल विचारतं, ‘‘उलटा लावला तर मूळ वर जाईल?’’ त्याला ‘‘लावून बघ’’ एवढंच म्हणावं. उत्तर द्यायला वाल आहे.