पिनेच्या जागी तार

फौजेत गाड्या दुरुस्त करणं हा माझा ट्रेड. सुट्टीवर गेलो की गावातले विचारतात, सीमेवर तू नेमकं करतोस काय? मी सांगतो, नट आवळतो. सगळे हसतात. पण एका नटावर किती जीव असतात, ते मी फोटू लाजवळ पाहिलं आहे.

फोटू ला ही श्रीनगर-लेह रस्त्यावरची सर्वात उंच खिंड, ४१०८ मीटर. बर्फ पडायच्या आत हिवाळ्याचं सामान लेहकडे पोचवायचं असतं. त्यामुळे त्या दिवसांत आमच्या गाड्यांबरोबर भाड्याचे सिव्हिल ट्रकही धावतात. लामायुरूकडे उतरताना असाच एक ट्रक अचानक डावीकडे ओढला गेला आणि डोंगराला थडकला. उजवीकडे दरी होती. ड्रायव्हर पन्नाशीचा, शेजारी त्याचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

वाकून पाहिलं. उजवं चाक सरळ, डावं भलतीकडेच. टाय रॉडचं डावं टोक सुटून लोंबत होतं.

आपल्याकडच्या ट्रकमध्ये स्टिअरिंगचा जोर ड्रॅग लिंकमधून उजव्या चाकाला मिळतो आणि टाय रॉड तो डाव्या चाकापर्यंत नेतो. टाय रॉडच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. त्याचा निमुळता दांडा चाकाच्या आर्ममध्ये बसतो, त्यावर खाचांचा नट आणि नट फिरू नये म्हणून आरपार स्प्लिट पिन. इथे पिन नव्हतीच. आर्मला तुटक्या तारेचा तुकडा लटकत होता.

"साबजी, पुर्जा तो नया डाला था," ड्रायव्हर म्हणाला. खोटं नव्हतं. चार दिवसांपूर्वी रस्त्याकडेला त्याने दोन्ही टोकं स्वतः बदलली होती. गॅरेजची मजुरी परवडत नव्हती, ट्रकचा हप्ता थकला होता. पिन हरवली म्हणून तार पिळली. शिवाय दांड्यावर ग्रीस आणि माती, त्यामुळे तो नीट बसलाच नाही. हादऱ्यांनी तार तुटली, नट उतरत गेला.

स्वतः दुरुस्ती करण्यात वाईट काही नाही. आमच्याकडे शेतकरी ट्रॅक्टर स्वतःच खोलतो. पण स्टिअरिंगला हात लावलात तर एवढं पाळा. दांडा आणि त्याचं भोक कोरडं पुसून घ्या. नट पूर्ण आवळूनही खाच भोकासमोर आली नाही, तर अजून थोडा आवळा. मागे कधी फिरवू नका. पिन दर वेळी नवी. मग एकाला स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि खाली वाकून प्रत्येक जॉइंट बघा. नंतर अलाइनमेंट तपासून घ्या.

दुसऱ्या दिवशी कारगिलहून नवं टोक आलं. ते मी बसवलं. पिन मात्र त्या मुलाला घालायला लावली आणि तिचे दोन्ही पाय त्याच्याच हातून वाकवून घेतले. बाप पुढेही स्वतःच दुरुस्ती करणार, हे दिसतच होतं. निदान शेजारी बसणाऱ्याला तरी ठाऊक असावं.