आधी विचारायचे

आमच्या गावाचे नाव जळगाव. पण नुसते जळगाव म्हटले की सारे जग खानदेशात उतरते. म्हणून आम्ही मागे जामोदचे शेपूट लावतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आमचे घर. रेल्वे गाठायची तर पूर्णा ओलांडून नांदुऱ्याला जावे लागते. १९९६ साली, दिवाळीच्या तोंडावर, मला एक पत्र आले ते खानदेशची वारी करून! लिहिणारीने पत्त्यात 'जामोद' घातलेच नव्हते. अक्षर पाहिले मात्र, आणि पदराला हात पुसून मी ओट्यावर बसले. पत्र सिस्टरांचे होते.

१९६४ साली वडिलांनी मला नागपूरच्या एका कॉन्व्हेंट शाळेत घातले. वसतिगृहात मी नवी आणि शिक्षिका म्हणून सिस्टरही नव्याच. पहिल्याच दिवशी मी "मले पानी पायजे" म्हणाले, तशा साऱ्या मुली फिदीफिदी हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत. त्या वसईच्या, त्यांच्या घरची बोली सामवेदी. "तू मला वऱ्हाडी शिकव, मी तुला सामवेदी शिकवते," म्हणाल्या. त्या दिवसापासून माझी जीभ मोकळी झाली ती आजतागायत. (घरची मंडळी म्हणतात, जरा जास्तच मोकळी झाली.)

शिकवण्याची त्यांची एक रीत होती. गणित अडले की दुसरे शिक्षक पाटी ओढून घेत आणि खसाखस सोडवून देत. सिस्टर नुसत्या शेजारी उभ्या राहत. "मदत करू का?" असे आधी विचारीत. 'नको' म्हटले, तर खरोखरच करीत नसत.

शिवणकामाच्या तासाला त्या गोष्टी सांगत. झान ज्युगान या बाईची गोष्ट त्यांच्या विशेष आवडीची. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर १७९२ साली एका गरीब घरात ही जन्मली आणि मोलमजुरी करून वाढली. १८३९च्या हिवाळ्यात तिने एक निराधार म्हातारी घरी आणली. म्हातारी आंधळी, त्यात अर्धे अंग लुळे. झानने स्वतःचा बिछाना तिला दिला. पुढे आणखी म्हातारी माणसे आली, तेव्हा टोपली घेऊन ती दारोदार फिरू लागली. "आपल्याकडची झोळीच की!" सिस्टर म्हणत. तिच्यामागून 'गरिबांच्या लहान भगिनी' हा संघ उभा राहिला. १८८२ साली त्या भगिनी कलकत्त्यालाही आल्या. पण खुद्द झानला बाजूला सारले गेले. शेवटची सत्तावीस वर्षे ती मठात अशी राहिली, की नव्या मुलींना ही संस्थापिका आहे याचा पत्ताही नव्हता. १८७९ साली ती गेली. तिला संतपद मिळाले ते २००९ साली. पण आमच्या सिस्टरांच्या लेखी ती कधीचीच संत होती.

आता पत्राकडे वळते. बत्तीस वर्षे शिकवल्यावर वरिष्ठांनी सिस्टरांना मुंबईजवळच्या एका वृद्धाश्रमात पाठवले होते. आज्ञापालन हे त्यांच्या व्रतांपैकी एक. ट्रंक उचलली आणि निघाल्या. मदर तेरेसांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९३१पासून सतरा वर्षे त्यांनी कलकत्त्याच्या शाळेत शिकवले आणि १९५२ साली कालीघाटला मरणोन्मुखांसाठी घर उघडले. लोकांना वाटते, ही दोन वेगळी आयुष्ये. सिस्टरांनी मात्र लिहिले होते, की पहिल्याच आठवड्यात त्या नापास झाल्या. एक आजी चमचा पाहिला की तोंड फिरवीत. सिस्टर भरवण्याचा आग्रह करीत, आजी दात घट्ट मिटून घेत. मग एके दिवशी त्यांच्या ध्यानात आले, 'अरे, मी पाटी ओढून घेते आहे!' त्यांनी आजींना विचारले आणि चमचा त्यांच्याच हातात दिला. अर्धी पेज सांडली. अर्धी पोटात गेली.

मी पत्राची घडी केली आणि घरात पाहिले. श्रावणात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती. मी शाळेत शिकवणारी बाई, सारे घड्याळावर. साडेनऊला शाळा, म्हणून नवाच्या आत त्यांचे आंग पुसणे, वेणी, खाणे सारे उरकायची. शेजारणी माझे कौतुक करीत. आणि सासूबाई? त्या बोलेनाशा झाल्या होत्या. दोन दिवसांपासून त्यांनी तोंडही उघडले नव्हते. 'म्हातारपणचा हट्ट' असे मी म्हणत होते. नळीने भरवावे लागेल, असे डॉक्टर सांगून गेले होते.

त्या संध्याकाळी मी कढीभाताची वाटी घेऊन जवळ बसले. "आत्याबाई, भरवू का, की तुम्ही घेता?" तीन महिन्यांत हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारीत होते. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि डावा हात पुढे केला. लुगडे भरले, चादर भरली. पण वाटी संपली. शाळेचे तपासायचे पेपर त्या रात्री तसेच राहिले.

नरकचतुर्दशीला पहाटे मी तेल कोमट करून आणले. "आत्याबाई, तेल लावू का?" त्यांनी मान हलवली, नको. मी थांबले. मग जड जिभेने, एकेक शब्द जुळवीत त्या म्हणाल्या, "पयले तुह्या डोक्याले." मी त्यांच्यापुढे खाली बसले. त्यांचा थरथरता डावा हात माझ्या डोक्यावर फिरू लागला. तेल कपाळावरून, मानेवरून, पाठीवर ओघळत होते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी मला असेच न्हाऊ घातले होते. मला बोलता येईना.

आज कायदा आहे. २००७ सालच्या त्या कायद्याने म्हाताऱ्या आईबापांना मुलांकडून पोटगी मागता येते. ते योग्यच झाले. पण 'मला विचारा', एवढे मागण्यासाठी कोणत्या कचेरीत अर्ज करावा?

पुढे काही वर्षांनी मी सिस्टरांना भेटायला गेले. आता त्या स्वतःच तिथल्या खाटेवर होत्या आणि एक तरुण सिस्टर त्यांच्या हातात चमचा देत होती. मी त्यांना तेलाची हकीकत सांगितली. डोळे मिटून त्यांनी ती ऐकली आणि वर्गात विचारीत तशा सुरात विचारले,

"सांडले किती?"

"अर्धे."

"मग पास," त्या म्हणाल्या.