करंडक कोणाचा?

आम्हां जामसांवलीकरांचे राज्य मध्यप्रदेश, बाजारहाट मात्र नागपूरची; म्हणून रणजी सामन्यांच्या दिवसांत घरोघरी दोन तट पडतात. मुंबईच्या चंद्रकांत पंडितांनी प्रशिक्षक या नात्याने दोन्ही तटांना उपकृत केले. २०१८ व २०१९ साली विदर्भ, २०२२ साली मध्यप्रदेश विजयी झाला. १९९९ साली मध्यप्रदेशाचे कर्णधार असताना बंगळूरच्या ज्या मैदानावर करंडक हुकला, तेथेच तो मिळाला.

त्यांची शिस्त फार कडक, असा आमच्या तरुणांचा आक्षेप. आयपीएलच्या अंतिम सामन्यातील नाचगाणी त्यांना अधिक प्रिय. शिक्षकी पेशातील आम्हांस वाटते, रोषणाई एका रात्रीची; घडविलेला संघ गुरू गेल्यावरही उभा राहतो. २०२५ साली विदर्भाने पंडितांविना करंडक जिंकला, तेव्हा आमच्याकडील दोन्ही तटांनी पेढे वाटून खाल्ले.