वारशातले रिव्हॉल्वर : चिरंजीवांस पत्र

आजोबांच्या ट्रंकेतून निघालेले वेब्ली अँड स्कॉटचे .32 बोअरचे मार्क 4 रिव्हॉल्वर गंजाने खाल्लेले असले, तरी ते नव्यासारखे चकचकीत करून घेण्याचा बेत चिरंजीवांनी सोडून द्यावा. या शस्त्राची घडण, म्हणजे घोड्याजवळची कडी दाबताच नळी पुढे झुकून गोळ्यांची चक्री उघडी होण्याची रचना, इतकी भरवशाची ठरली की कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .32 रिव्हॉल्वरही तिच्यावरच बेतलेले आहे.

अशा शस्त्रांचा घात बहुधा चामड्याच्या म्यानातच होतो. चामडे पावसाळी हवेतली ओल धरून ठेवते आणि कमावताना त्यात राहिलेली आम्ले व क्षार पोलादाला लागतात. म्हणून म्यान जिथे घट्ट बसते तिथे, चक्रीच्या फुगवट्यावर आणि नळीच्या कडांवर, गंज सर्वांत खोल गेलेला आढळतो. तांबडा, भुरभुरीत गंज पसरत राहतो, त्यामुळे तो पातळ तेलात मुरवून मऊ कापडाने हळूहळू काढलाच पाहिजे. मात्र खालचा काळपट थर आणि उरलेसुरले ब्लूइंग, म्हणजे पोलादावर मुद्दाम चढवलेला लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा पापुद्रा, यांना हात लावू नये. पॉलिश कागद किंवा फिरता तारेचा ब्रश चालवला, तर गंजाबरोबर क्रमांक आणि प्रूफच्या खुणाही झिजतात. प्रूफ म्हणजे विक्रीपूर्वी नेहमीहून जास्त दाबाची गोळी झाडून घेतलेली परीक्षा; ती घेणारे बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस 1813 पासूनचे आहे. या खुणांवाचून शस्त्राचा इतिहासच पुसला जातो, आणि क्रमांक मिटवण्यास तर 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 8 ने सक्त मनाई आहे.

चक्री जाम असेल, तर रिव्हॉल्वर भरलेलेच समजावे, जोर लावू नये, आणि घरच्या पेचकसाने एकही स्क्रू फिरवू नये. दुरुस्तीलाही कलम 5 खाली परवाना लागतो, म्हणून काम परवानाधारक कारागिराकडेच सोपवावे. नळी आतून खड्डेदार निघाली, तर रिव्हॉल्वर पुन्हा झाडण्याजोगे करण्याचा हट्टही धरू नये.

या सर्वांआधी कागदपत्रे. आजोबांचा परवाना वारसाला आपोआप लागू होत नाही. चिरंजीवांच्या नावे परवाना होईपर्यंत रिव्हॉल्वर विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे कलम 21 प्रमाणे बंधनकारक आहे.