बंदुकीचा हिशेब

ईदच्या दिवशी शीरखुर्मा होतो, पाहुणे जातात आणि आम्ही तिघे भाऊ ओट्यावर बसून दरवर्षी एकच हिशेब मांडतो. अब्बांची बंदूक आज असती तर किती रुपयांची असती? धाकटा म्हणतो, दीड लाख. मधला म्हणतो, दोनच्या खाली बोलूच नका. हिशेब मग बंदुकीवरून जमिनीवर घसरतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाची चर्चा सुरू होती, तेव्हा गावाबाहेरचे दोन एकर कोणी फुकटात घेत नव्हते. 28 फेब्रुवारी 2024 ला वर्धा-कळंब मार्गाचे उद्घाटन झाले आणि आता त्या बाजूला बोट दाखवायचीही आमची ऐपत नाही. चिंतामणीच्या दर्शनाला आलेले लोक पायऱ्या उतरून जमिनीखालच्या गाभाऱ्यात जातात. आम्ही असे दरवर्षी आपल्या चुकांच्या पायऱ्या उतरतो.

बंदूक होती दुनळी, बारा बोअरची, विलायती. नळीवर बर्मिंगहॅमचे बारीक शिक्के होते. दादाजान सांगत की, साहेब लोक देश सोडून निघाले तेव्हा त्यांनी ती जुनी म्हणून घेतली, एका बैलाच्या किमतीपेक्षाही कमी पैशांत. पिकाच्या राखणीसाठी म्हणून परवाना होता. पुढे तो अब्बांच्या नावावर झाला. दर तीन वर्षांनी यवतमाळला जाऊन त्याचे नूतनीकरण करायचे. परवान्याच्या वहीवर एकामागून एक शिक्के बसत गेले.

स्वस्ताईची दुसरी संधी आली ती 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर. शिकार बंद झाली आणि हौशी लोकांच्या बंदुका कपाटात धूळ खात पडल्या. तालुक्यातल्या एका देशमुखांनी आपली 315 बोअरची रायफल अब्बांना देऊ केली होती. ही रायफल इशापूरच्या सरकारी कारखान्यातली. 303 हे लष्कराचे काडतूस, म्हणून सामान्य माणसाला ती रायफल ठेवायला बंदी. त्याच जातीची, पण दुसऱ्या काडतुसाची 315 नागरिकांसाठी बनवली गेली. अब्बा म्हणाले, "एक बस है. दो का क्या करना?" झाले, ती संधी गेली. 1980 च्या दशकाच्या मध्यास परदेशी बंदुकांची खाजगी आयात बंद झाली आणि देशात होत्या त्या विलायती बंदुकांचे भाव चढत गेले.

टेक्सासमध्ये असलेला आमचा भाचा या हिशेबात फोनवरून भर घालतो. 1962 च्या चीन युद्धानंतर इशापूरला 7.62 मिलिमीटरच्या रायफली तयार झाल्या. आपल्या फौजेला नकोशा झालेल्या त्या रायफली पुढे अमेरिकेत दुकानांतून शे-सव्वाशे डॉलरला विकल्या गेल्या. आता त्यांचे मोल कैकपट झाले. "मामू, तेव्हा चार घेऊन ठेवल्या असत्या तर!" म्हणजे हळहळायला कळंबच लागते असे नाही. जिथे स्वस्त वस्तू विकत मिळते, तिथे ती न घेतल्याचे दुःखही मागाहून मिळतेच.

पण हा सगळा हिशेब मांडताना आम्ही एक रकाना नेहमी कोरा ठेवतो.

अब्बांच्या बंदुकीने आम्ही कधी काही मेलेले पाहिले नाही. तिचे काम बार काढण्याचे. ज्वारी हुरड्यावर आली की रात्री-बेरात्री दाराशी हाक यायची, "चाचा, डुकरं घुसले वावरात!" अब्बा त्या प्राण्याचे नाव तोंडाने घेत नसत. "वो जानवर आया क्या?" एवढेच विचारत आणि चप्पल पायात सरकवत. आम्ही पोरे कंदील घेऊन मागे. बांधावर उभे राहून ते आभाळाकडे नळी करत. धडाम! मग काळोखात खुरांची पळापळ. ज्याचे वावर असे तो चहा करून पाजायचा. ते शेत कुणब्याचे की तेल्याचे की बौद्धाचे, हे कोणी विचारले नाही आणि बंदूकवाला कोण, हेही नाही. काडतुसाचे पैसे देऊ केले तर अब्बा घेत नसत. हुरड्याची पहिली कणसे मात्र आमच्या घरी यायची.

डिसेंबर 1992 मध्ये गावात काहीही झाले नाही. हे मुद्दाम सांगतो. कोणी दगड उचलला नाही, कोणी वाकडे बोलले नाही. पण रेडिओवर मुंबईच्या बातम्या येत होत्या. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करावी लागे, त्याची सवय होती. त्या वेळी मात्र कोणी न सांगता अब्बा स्वतःच गेले आणि जमा करून आले. काही महिन्यांनी परत आणली, तेव्हा ती पूर्वीच्या खुंटीवर गेली नाही. पेटीत, कपड्यांखाली गेली. रात्री उठून ते पेटीचे कुलूप चाचपायचे. अम्मीने विचारले तर म्हणाले, "नींद नहीं आती, बस."

1994 मध्ये नागपूरच्या परवानाधारक दुकानदाराला त्यांनी बंदूक विकली. साडेचार हजार आले. पोस्टाची किसान विकास पत्रे तेव्हा साडेपाच वर्षांत दुप्पट होत. व्याज नको म्हणून अब्बांनी ती घेतली नाहीत. तोळाभर सोने आले असते. तेही घेतले नाही. त्या पैशांत त्यांनी मागच्या बाजूला लोखंडी दार बसवले.

शेजारचे पाटील आले. दाराकडे बघितले, अब्बांकडे बघितले. म्हणाले, "बंदूक काहाले इकली, चाचा? आता हाकलाले कोन येईन?" अब्बांनी उत्तर दिले नाही. पाटलांनाही दाराबद्दल काही विचारता आले नाही. दोघे बराच वेळ चहाच्या रिकाम्या कपांकडे बघत बसले. त्यानंतर रात्रीच्या हाका कमी झाल्या आणि एका वर्षी हुरडा आला नाही. भांडण नव्हते. फक्त येण्याचे कारण उरले नव्हते.

आमचा तोटा हा आहे. दीड लाख की दोन लाख, हे आम्ही मोठ्याने बोलतो ते यासाठी की, दुसरी गोष्ट बोलायची वेळ येऊ नये. गावाने आम्हाला भिववले नव्हते आणि तरी अब्बा भ्याले. चूक कोणाच्या खात्यावर लिहायची? ज्या बैलाच्या किमतीत दादाजानने बंदूक घेतली, त्याच किमतीत तीन पिढ्यांची हाक मिळाली होती. ती कोणत्या बाजारात विकत मिळते?

आता रानडुकरे आणि रोही पूर्वीपेक्षा जास्त झाले. 2015 मध्ये शासनाने पिकाची नासाडी करणारे हे प्राणी परवानगी घेऊन मारण्याची मुभा दिली. पण गावात बंदूक कोणाकडे? लोक बांधाला जुन्या लुगड्यांचे कुंपण करतात, झटका मशीन लावतात, फटाके फोडतात. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. आम्हाला ती चिंता नाही.

लोखंडी दार अजून आहे. खालून गंजले आहे, कडी नीट बसत नाही, म्हणून बहुतेक उघडेच असते. गेल्या हिवाळ्यात एका रात्री त्याच दारातून पाटलांचा नातू आत आला. "काका, तुरीत डुकरं आहेत, चालता का?" आम्ही उठलो. हात सवयीने खुंटीकडे गेला. तिथे मुलाचे स्वेटर लटकत होते. मग बॅटरी घेतली, तेलाचा रिकामा डबा आणि एक काठी घेतली, आणि तिघेही भाऊ त्याच्या मागे निघालो.