शंभरातला एक

२०१९ सालच्या मार्च महिन्यातील गोष्ट. दिवस परीक्षांचे. राजकोट शहरात पोलीस आयुक्तांनी पब्जी या मोबाईलवरील खेळास बंदी घालणारी अधिसूचना काढली आणि ती मोडल्याबद्दल काही तरुणांना पकडण्यातही आले. त्याआधी जानेवारीतच गुजरात सरकारच्या शिक्षण खात्याने प्राथमिक शाळांत हा खेळ खेळू देऊ नये, असे परिपत्रक धाडले होते. ती बातमी आम्ही वडोदऱ्याच्या आमच्या घरी सकाळच्या चहाबरोबर वाचली आणि वाचताना आवाज जरा जास्तच चढवला. कारण ज्याच्या कानी ती पडावी असे आम्हांस वाटत होते, तो आमचा तेरा वर्षांचा नातू समोरच बसून पोळीचा लाडू खात होता. त्याने शांतपणे विचारले, "आजोबा, राजकोट इथून किती लांब आहे?"

आम्ही पस्तीस वर्षे गणित शिकवले. परंतु या प्रश्नातील अंतराचे गणित आम्हांस तेव्हा उलगडले नाही.

ज्या वाचकांच्या घरी हे प्रकरण पोहोचले नसेल त्यांच्यासाठी खेळाचे स्वरूप सांगतो. विमानातून शंभर जण छत्रीने एका बेटावर उतरतात. जवळ शस्त्र नसते. ओस पडलेल्या घरांतून बंदुका, औषधे, शिरस्त्राणे गोळा करावयाची आणि दिसेल त्यास गारद करावयाचे. भोवती एक वर्तुळ आक्रसत जाते व त्याच्या बाहेर राहणारा हळूहळू मरतो. म्हणजे कोपऱ्यात लपून बसण्याचीही सोय नाही. अखेरीस जो एकटा, किंवा चौघांची जी तुकडी उरते, तिच्यासाठी पडद्यावर कोंबडीच्या जेवणाची पाटी झळकते. आमच्या शाकाहारी घरात त्या पाटीवरूनही एकदा चर्चा झाली होती, ती असो.

आमचा पहिला राग रक्तावर होता. एवढ्याशा मुलाने दिवसाकाठी पाच-पंचवीस माणसे मारावीत आणि मग वरणभातावर तूप मागावे, हे आमच्या मनास पटेना. मात्र रागावता रागावता स्वतःचे बालपण आडवे आले. आम्ही दांडिया बाजारात वाढलो. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या आखाड्यात प्रा. माणिकरावांच्या शिष्यांनी आमच्या हाती लाठी दिली, फरीगदगा दिला. फरीगदगा म्हणजे काय, तर ढाल-तलवारीची लुटुपुटुची लढाई. प्रतिपक्षाच्या डोक्यावर, खांद्यावर, मांडीवर वार कोठे बसतो ते शिकण्याची रीतसर विद्या. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला होई, आणि शाइस्ताखानाची जी बोटे १६६३ साली एकदाच तुटली ती आमच्या अंगणात दर वर्षी तुटत. खान कोणी व्हावयाचे यावरून मात्र खरी मारामारी होई. एवढे सगळे करून आमच्या पिढीतून निपजले ते कारकून, शिक्षक आणि बँकेतील रोखपाल.

मग आम्ही शोधाशोध केली. हिंसा पाहून मूल हिंसक होते का, हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६१ साली आल्बर्ट बँड्युरा यांनी बालवाडीतील मुलांपुढे एका मोठ्या माणसाकरवी हवा भरलेल्या बाहुल्याला बडविले. ते पाहिलेल्या मुलांनी पुढे त्याला तसेच बडविले. यावर आक्षेप असा निघाला की तो बाहुला बडविण्यासाठीच बनविलेला होता. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली चौदा-पंधरा वर्षांच्या १,००४ ब्रिटिश मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या वागणुकीबद्दल त्यांच्या पालकांनाच विचारले होते. हिंसक खेळ आणि आक्रमक वागणूक यांचा संबंध त्यात आढळला नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० साली आपला जुना ठराव तपासून सांगितले की, आरडाओरडा आणि ढकलाढकली यांच्याशी अशा खेळांचा थोडासा संबंध दिसतो. परंतु खऱ्याखुऱ्या हिंसाचाराचे खापर त्यांवर फोडण्यास शास्त्राचा आधार नाही.

अभ्यासाची गोष्ट वेगळी निघाली. ओहायोतील दोन संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आम्हांस शिक्षक म्हणून फार पटला. सहा ते नऊ वर्षांचे चौसष्ट मुलगे, ज्यांच्या घरी असा खेळ नव्हता, त्यांनी निवडले. निम्म्यांना खेळाचे यंत्र लगेच दिले, निम्म्यांना चार महिन्यांनी. चार महिन्यांअखेर पहिल्या गटातील मुले वाचन-लेखनात मागे पडलेली दिसली. कारण साधे होते. शाळेनंतरचा जो वेळ पुस्तकाकडे जाई तो यंत्राकडे गेला. खेळात रक्त होते की रंगीत फुगे, याला त्यात फारसे महत्त्व नव्हते.

आमच्या घरीही तेच झाले होते, हे आता सांगावयास हरकत नाही. सहामाहीला नातवास गणितात ऐंशीपैकी एकेचाळीस गुण मिळाले, वार्षिकास चौतीस. गणिताच्या मास्तरांच्या नातवास! मुलगा बुद्धीने मंद नव्हता, त्याची झोप होत नव्हती. तो वर्गात पहिल्या दोन तासांना डोळे उघडे ठेवून झोपत असे. रात्री खेळण्यासाठी जो मोबाईल त्याच्या हाती असे तो त्याच्या वडिलांचा नव्हता, आईचाही नव्हता. तो आमचा होता.

सौभाग्यवतींना जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. चिरंजीव आणि सूनबाई दोघेही नोकरीवरून साडेआठला येत, जेवत आणि निजत. आमच्या खोलीत दहानंतर कोणी फिरकत नसे. नातू येई. पायथ्याशी उशी टेकून बसे, कानात त्या वायरी घाली आणि मंद आवाजात हिंदीत कोणाशी तरी बोलत राही : "पीछे है, पीछे है, रुक." आम्ही भिंतीकडे तोंड करून झोपेचे सोंग घेत असू. बारा वाजत, साडेबारा वाजत. उजेडाचा एक चौकोन छतावर हलत राही. एका शब्दाने तो बंद झाला असता. पण मोबाईल काढून घेतला असता तर तो उठून आपल्या खोलीत गेला असता, हेही आम्हांस ठाऊक होते. सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचणारे आम्हीच आणि रात्री भिंतीकडे तोंड फिरवणारेही आम्हीच.

निकालाच्या दिवशी चिरंजीवांनी त्याला जेवावयास चार वेळा हाक मारली. हा खेळ मध्येच थांबवता येत नाही. एक डाव संपावयास अर्धा तास लागतो, आणि चौघांतला एक उठून गेला तर उरलेले तिघे अडचणीत येतात, हे आम्हांस फार पुढे कळले. त्या क्षणी आम्हां सर्वांना दिसला तो केवळ उर्मटपणा. पाचव्या हाकेला चिरंजीवांनी मोबाईल हिसकावला आणि समोरच्या भिंतीवर आपटला. काच फुटून सूनबाईंच्या ताटापर्यंत आली. त्या वर्षात आमच्या घरात घडलेली हिंसेची ही एकमेव घटना, आणि ती ज्याने केली त्याने आयुष्यात तो खेळ पाहिलाही नव्हता. त्याला ती कोणी शिकवली याचाही आम्ही विचार केला. आमच्या टेबलावर छडी असे, आणि चिरंजीव आमच्याच वर्गात होते.

नातू रडला नाही, की ओरडला नाही. ताट वाढलेले तसेच ठेवून निजावयास गेला.

चौथ्या दिवशी घरच्या जुन्या दूरध्वनीवर ग्वाल्हेरहून एका मुलाचा आवाज आला. लष्करात आमच्या धाकट्या बंधूंचे बिऱ्हाड आहे. वाड्याच्या वाटण्या झाल्यापासून आमचे बोलणे दिवाळीचा फराळ आणि सुतकाची बातमी एवढ्यापुरते उरलेले. हा त्यांचा नातू. "मोठे आजोबा ना? दादा तीन दिवस आला नाही. बरा आहे ना तो?" आम्ही विचारले, कोठे आला नाही? तो गडबडला. मग कळले की हे दोघे जवळजवळ वर्षभर रोज रात्री एकाच तुकडीत होते. आम्ही दोघे भाऊ दोन वर्षांत दोनदा बोललो होतो.

पुढे ठरले ते असे : रात्री नऊपर्यंत दोन डाव, तेही दिवाणखान्यात, मोबाईल दहाला चिरंजीवांच्या कपाटात. हाक मारण्याआधी डाव किती उरला हे विचारावयाचे. आणि आमच्या खोलीत त्याने पुस्तक घेऊन यावे की नुसतेच यावे, यावर अट घातली नाही. पहिले काही आठवडे तो आला नाही. ते आठवडे लांब गेले. नंतर बीजगणित अडले म्हणून आला. गुण वाढले, फार नाही. २०२० च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने पब्जीवर बंदी घातली तेव्हा त्याने बातमी आम्हांस वाचून दाखवली, आमच्यासारखाच आवाज चढवून. पुढच्या वर्षी तोच खेळ नवे नाव घेऊन आला; परंतु तोवर त्याची मिशी फुटली होती आणि लक्ष दुसरीकडे होते.

आता तो पुण्यास महाविद्यालयात आहे. गेल्या सुट्टीत ग्वाल्हेरचाही आला होता. दोघांनी आमच्या हाती मोबाईल दिला. आम्ही छत्रीने उतरलो, समोर दिसलेल्या घरात शिरलो, एक तवा उचलून न्याहाळत असतानाच मागून कोणी तरी आम्हांस गारद केले. शंभरांत आमचा क्रमांक सत्त्याण्णवावा लागला.

"आजोबा," नातू म्हणाला, "आत गेल्यावर आधी दार लावून घ्यायचं असतं."