न आलेला निरोप

गेल्या पावसाळ्यात वरोऱ्याच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक मुलगी आली. (तिच्या परवानगीनं, ओळख बदलून लिहिते आहे.) बसायच्या आधीच तिनं मोबाईल पुढं केला. "मॅडम, हा काहून बोलून नाही राहिला?" सात महिने रोज रात्री बोलणारा मुलगा बारा दिवस गप्प. शेवटचा मेसेज तिचाच, 'जेवलास का?' त्याखाली दोन निळ्या खुणा.

व्हॉट्सॲपनं या निळ्या खुणा नोव्हेंबर २०१४ मध्ये आणल्या. मेसेज वाचलाच नसेल, अशी मनाची समजूत घालायची सोय तेव्हापासून गेली.

आपल्याकडं नकाराची एक रीत होती. मुलगी पाहून गेलेले 'कळवतो' म्हणत आणि आठवड्यानं मध्यस्थ निरोप आणी, पत्रिका जुळत नाही. बहुतेकदा ती सबब असे, दोन्ही घरांना ते ठाऊकही असे. पण विषय मिटे, मुलीची आई पुढच्या स्थळाकडं वळे. मोबाईलवर जुळलेल्या नात्याला मध्यस्थच नसतो.

अमेरिकी संशोधक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. गेला म्हणून रडता येत नाही, येईल म्हणून निर्धास्त होता येत नाही. या दुःखाला त्यांनी नाव दिलं. त्या नावाला मी मराठीत अधांतरी वियोग म्हणते. तुलना मोठी वाटेल, पण दुःखाची जात एकच. उत्तर आलं नाही की मन स्वतःच ते लिहून काढतं, आणि स्वतःच्याच विरोधात लिहितं. या मुलीनं वहीत लिहिलं होतं: मी काळी आहे म्हणून. मी फार बोलते म्हणून.

त्याच्या गप्प बसण्यातून तुझ्याबद्दल काहीच कळत नाही, हे तिला पटवायला मला तीन भेटी लागल्या. जात वेगळी असेल, घरात कळलं असेल, फोन काढून घेतला असेल. आमच्या भागात हे मी पाहिलंय. किंवा तोंडावर नाही म्हणायची हिंमत नसेल.

मला आपल्या विदर्भाची दमयंती आठवते. नळ तिला अरण्यात झोपेत टाकून, तिचं अर्धं वस्त्र घेऊन गेला. माहेरी आल्यावर तिनं ब्राह्मणांकरवी देशोदेशी एकच प्रश्न पाठवला, सगळीकडं त्याच शब्दांत. नळ सापडला यापेक्षा तिचं ते सरळ विचारणं मला मोठं वाटतं.

आम्ही दोघींनी मेसेज लिहायला घेतला. पहिल्या खर्ड्यात एकोणीस ओळी, सहा वेळा 'सॉरी'. शेवटी उरलं ते असं: 'तू ठीक आहेस ना? पुढं बोलायचं नसेल तर तसं सांग. रविवारनंतर मी मेसेज करणार नाही.'

सोमवारी ती आली. खुणा निळ्या झाल्या होत्या, उत्तर नव्हतं.

"नाही कळवलं त्यानं," ती म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "मॅडम, मध्यस्थ तुम्हीच व्हा ना. म्हणा, पत्रिका नाही जुळली."

मी म्हटलं.